कॅरव्हॅन क्लबबरोबर नॉर्वेत: सोबत क्लबची, पण घाट एकट्यानं उतरायचा

क्लबची सहल म्हटलं की वीस कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, एकीमागे एक शिस्तीत चालल्या आहेत, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं जाऊ नका. ब्रिटनमध्ये कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब (1901) आणि आताचा कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब (1907) हे दोन्ही जुने क्लब परदेशी सहली काढतात. अशा सहलीत क्लबकडून तीन गोष्टी मिळतात: साइटचं आरक्षण, मार्गाची वही आणि संध्याकाळी भेटणारा अनुभवी एस्कॉर्ट. दिवसभराची गाडी तुमची तुम्हीच चालवायची असते. इथला मजकूर ब्रिटनमधून स्वतःची कॅरव्हॅन ओढत नॉर्वेच्या फ्योर्डांकडे (डोंगरांमध्ये आत शिरलेल्या समुद्राच्या खाड्यांकडे) निघणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे.

कागदपत्रं: भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. जास्त दिवस नॉर्वेत असाल तर अर्जही नॉर्वेकडेच करायचा. गाडी आणि कॅरव्हॅन दोन्हींच्या मागे 'यूके'चं चिन्ह लावायचं.

खाणं: 2021 पासून ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पनीर, श्रीखंड घरीच ठेवायचं. बटाटेसुद्धा नॉर्वेत न्यायला बंदी आहे, ते तिथे पोचल्यावर घ्या. भाजणी, मेतकूट, पोहे, डाळी, मसाले बिनधास्त भरा. वजनाकडे मात्र लक्ष ठेवा, कारण दहा किलो तांदूळ कॅरव्हॅनच्या मागच्या कपाटात गेला की गाडी शेपूट हलवायला लागते.

माल भरणं: जड सामान चाकांच्या आसाच्या वर, जमिनीलगत. टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या ज्या गोळ्याला कॅरव्हॅन अडकवतात त्यावर, पडणारा भार कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या 5 ते 7 टक्के हवा. 1,400 किलोच्या कॅरव्हॅनला तो 70 ते 98 किलो येतो. तुमच्या गाडीच्या टो-बॉलची मर्यादा 75 किलो असेल तर 75 हीच शेवटची रेघ. अंदाजानं उचलून बघू नका. भार मोजायचा काटा स्वस्त मिळतो, तो घ्या.

रस्ता: ब्रिटनहून नॉर्वेला थेट प्रवासी फेरी (गाड्या नेणारी बोट) नाही. हार्विचहून हूक ऑफ हॉलंड, तिथून जर्मनी आणि डेन्मार्कमधून हर्त्सहाल्स, आणि पुन्हा फेरीनं क्रिस्टियानसांड, हा सरळ मार्ग. हूक ते हर्त्सहाल्स साधारण 1,000 किलोमीटर होतात. जर्मनीत कॅरव्हॅनला साधारण ताशी 80 किलोमीटरचीच मर्यादा आहे, तेव्हा या टप्प्याला तीन दिवस द्या. नॉर्वेत ब्रेक असलेली कॅरव्हॅन जोडलेली असताना कमाल वेग 80. पाटीवर 90 किंवा 110 लिहिलेलं असलं तरी तो आकडा तुमच्यासाठी नाही. दिवे दिवसाही चालू ठेवायचे. मद्याची मर्यादा 0.02 टक्के आहे, म्हणजे चालवणाऱ्यानं बिअरचा ग्लासही टाळायचा.

आता घाट उतरणं

इथे चुकणारे सगळ्यात जास्त, आणि इथेच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. "पुढच्याच्या मागे मागे ये, ब्रेकवर हलका पाय ठेव" हा त्यातला सगळ्यात घातक.

आधी कॅरव्हॅनचा ब्रेक कसा चालतो ते समजून घ्या. त्याला वेगळं पेडल नसतं. गाडी हळू झाली की मागची कॅरव्हॅन कपलिंगवर (गाडीला जोडणाऱ्या जोडावर) रेटते, कपलिंगचा दांडा आत सरकतो, खालची सळई आणि तारा खेचल्या जातात आणि ड्रममधले ब्रेक-शू दाबले जातात. सपाटीवर हे झकास चालतं. उतारावर मात्र कॅरव्हॅन सतत पुढे रेटत असते, त्यामुळे पेडलवर पाय नसतानाही तिचे ब्रेक थोडे लागलेलेच राहू शकतात. त्यात तुम्ही पेडलही हलकं दाबून ठेवलं, तर सगळ्याच चाकांच्या ब्रेकना थंड व्हायला क्षणभरही मिळत नाही.

किती उष्णता होते याचा हिशेब करू. आयड्सडालहून फ्योर्डकाठच्या गैरांगर गावाला उतरणारा ऑर्नेवेगन, म्हणजे गरुडमार्ग, सुमारे 620 मीटरवरून थेट समुद्रपातळीला येतो. त्याला 11 तीव्र वळणं आहेत. गाडी आणि कॅरव्हॅन मिळून 3,300 किलो धरले, तर या उतरणीत जिरवायची ऊर्जा साधारण 2 कोटी ज्यूल होते. तेवढ्यात 60 लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. यातला काही वाटा हवा आणि इंजिन घेतात. उरलेला सगळा ब्रेकवर पडतो. इंजिनाचा वाटा वाढवणं तुमच्या हातात आहे.

आपल्या एसटीच्या चालकांचा नियमच इथे खरा: ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आंबेनळीत तो जितका लागू आहे तितकाच गैरांगरला. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. वेग वाढल्यावर खालचा गिअर शोधणं म्हणजे उशीर झालेला असतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोडवर घ्या आणि दुसरा गिअर धरून ठेवा. क्रूझ कंट्रोल बंद. विजेवरची गाडी असेल तर माथ्यावर बॅटरी शंभर टक्के भरलेली नको, कारण भरलेली बॅटरी ऊर्जा परत घेत नाही आणि गाडीचा इंजिनब्रेकसारखा आधारच जातो.

मग ब्रेक कसा मारायचा? घट्ट, थोडा वेळ, आणि पूर्ण सोडून. वेग ताशी 30 किलोमीटरवर गेला की नीट दाबून 20 वर आणा, पाय पूर्ण काढा, पुन्हा 30 होईपर्यंत हात लावू नका. तेवढ्यात ड्रमवरून हवा जाते. वळणाच्या आत ब्रेक नको, वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग उतरवा. वळताना कॅरव्हॅनची चाकं आतल्या बाजूनं कापतात, म्हणून गाडी बाहेरून न्या.

याच कारणासाठी ताफ्यानं उतरू नका. पुढच्यानं ब्रेक मारला की तुम्हालाही मारावा लागतो, तोही त्याच्या वेळेला. ज्या क्षणी ब्रेक थंड करायचे, नेमक्या त्या क्षणी ते दाबावे लागतात. साइटवरून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं निघा. मागे गाड्या साठल्या तर मोकळ्या जागेत थांबून त्यांना जाऊ द्या. अरुंद रस्त्यावर 'M' लिहिलेली निळी पाटी म्हणजे समोरासमोर आलेल्या गाड्यांनी एकमेकांना वाट द्यायची जागा. ज्याला ती जवळ, त्यानं मागे यायचं. तेव्हा कॅरव्हॅन सरळ मागे घेण्याचा सराव घरी, रिकाम्या पार्किंगमध्ये करून या.

मध्ये एकदा तरी थांबा आणि सगळ्या चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. दोन्ही बाजूंना सारखी ऊब असेल तर ठीक. एकच चाक भट्टीसारखं लागत असेल तर तिथला ब्रेक अडकला आहे. करपलेला वास आला तर अर्धा तास तिथेच. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. हँडब्रेकही खेचू नका, तापलेला ड्रम थंड होताना आक्रसतो आणि ब्रेक धरून बसतो. चाकांना ठोकळे लावा.

निघण्याआधी गाडीचं ब्रेक ऑइल बदलून घ्या, दोन वर्षांहून जुनं नको. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट 4 दर्जाचं नवं तेल किमान 230 अंशांपर्यंत टिकायला हवं, तर ओलावलेल्याची हीच मर्यादा 155 वर येते. त्यापुढे तेलात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं.

नवख्यांसाठी माझं स्पष्ट मत: गैरांगरला पहिल्यांदा हेलेसिल्टहून फेरीनं या आणि फेरीनंच परत जा. तासाभराचा प्रवास आहे, वाटेत सात बहिणींचे धबधबेही दिसतात. भाडं लांबीवर असल्यानं महाग पडतं, तरी द्या. ट्रोलस्टिगनचा घाटरस्ता बघायचा असेल तर कॅरव्हॅन साइटवर सोडून नुसती गाडी घेऊन जा. त्याचीही 11 वळणं आहेत आणि तिथे कॅरव्हॅन ओढत नेण्यात काही शौर्य नाही. हिवाळ्यात तो बंद असतो, दरड कोसळली तर उन्हाळ्यातही, म्हणून सकाळी खात्री करा.

साइटवर

25 मीटरची वायर आणि निळा तीन पिनांचा प्लग. बऱ्याच ठिकाणी 10 अँपिअरच मिळतात, म्हणजे 2,300 वॉट. ब्रिटिश 3 किलोवॉटची किटली लावली की फ्यूज गेलाच. चहा गॅसवर करा.

एक गोष्ट ब्रिटनहून येणाऱ्यांना हमखास गोंधळात टाकते. नॉर्वेत अनेक ठिकाणी विजेची जोडणी अशी असते की दोन्ही तारांमध्ये 230 व्होल्ट असतात, पण जमिनीच्या तुलनेत दोन्हीही तारा जिवंत. त्यामुळे तुमचा पोलॅरिटी टेस्टर (तारा उलट जोडल्यात का ते तपासायचं यंत्र) उलट जोडणीचा दिवा दाखवतो आणि प्लग फिरवूनही तो जात नाही. लोक तासभर वायर उलटसुलट करत बसतात. दोष वायरीत नाही. मात्र नुसतं एक बटण बंद केल्यानं उपकरणातला प्रवाह तुटला असं समजू नका. आत हात घालायच्या आधी साइटच्या विजेच्या खांबावरचा प्लग काढायचा. अर्थिंगचाच दिवा लागत नसेल तर तो खांब वापरू नका, साइटवाल्यांकडून दुसरा मागून घ्या.