बटण ठाण्यात, सर्व्हर महापेत

वागळे इस्टेटच्या ऑफिसात एक छोटी सर्व्हर रूम आणि बाकीचा पसारा नवी मुंबईतल्या महापेच्या डेटा सेंटरमध्ये, भाड्याच्या रॅकवर. ठाण्यातल्या अनेक कंपन्यांचं असंच असतं. टीममध्ये नवीन आलेल्यांना मी सुरुवातीलाच विचारते, दोन्हीकडचं सगळं बंद पडलं तर आधी काय चालू कराल? १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती, तेव्हा हा प्रश्न काही हवेतला नाही.

उत्तर शोधायचं तर कोण कोणावर अवलंबून आहे ते आधी कागदावर काढा. महापेच्या मशीनपर्यंत जायला व्हीपीएन, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता, लागतो. व्हीपीएनचं लॉगिन डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, तपासतो. आणि तो डोमेन कंट्रोलर महापेच्याच बंद पडलेल्या होस्टवर, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवर, व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेलं मशीन) म्हणून बसलेला असतो. म्हणजे किल्ली आत आणि दाराला कुलूप. म्हणून दोन्ही जागी आपापला डोमेन कंट्रोलर आणि डीएनएस (मशीनच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) हवा, फायरवॉलवर एक लोकल अकाउंट, म्हणजे डोमेन कंट्रोलरशिवाय चालणारं, हवं, आणि आयड्रॅक किंवा आयएलओचे (बंद सर्व्हरही लांबून चालू करू देणाऱ्या मॅनेजमेंट पोर्टचे) आयपी पत्ते व पासवर्ड कागदावर, कुलपात हवेत. पासवर्ड मॅनेजरसुद्धा बंद सर्व्हरवरच असू शकतो. हे मॅनेजमेंट पोर्ट थेट इंटरनेटवर मात्र कधीच उघडे ठेवू नका. त्यांच्यासाठी वेगळी लाइन घ्या, साधा फोर-जी राउटरही चालतो.

क्रम तसा सरळ आहे: एसी, यूपीएस, राउटर आणि स्विच, मग स्टोरेज. स्टोरेजमध्ये आधी डिस्कचे शेल्फ, नंतर त्या डिस्क चालवणारा कंट्रोलर. तो पूर्ण तयार होईपर्यंत थांबा, कारण होस्ट आधी उठला तर त्याला डेटास्टोअर (व्हर्च्युअल मशीन साठवलेली जागा) दिसत नाही आणि पुढचा तासभर नसलेला बिघाड शोधण्यात जातो. त्यानंतर होस्ट, मग डोमेन कंट्रोलर, डेटाबेस आणि शेवटी अ‍ॅप्लिकेशन.

सगळी बटणं एकदम दाबू नका. पॉवर सप्लायमधले रिकामे कपॅसिटर सुरुवातीला क्षणभर खूप जास्त करंट ओढतात आणि एमसीबी पडतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं, याची सेटिंग असते. लांबच्या जागी आत शिरण्यासाठी लागणारं एखादंच मशीन आपोआप चालू होऊ द्यावं आणि बाकीची बंद राहू द्यावीत, असं माझं ठाम मत आहे. वीज पुन्हापुन्हा येत-जात असेल तर ती बंद मशीन झटके खात नाहीत.

एकाच सर्व्हरच्या दोन पॉवर सप्लायच्या दोन वायरी एकाच यूपीएसमध्ये गेलेल्या असतील तर दुसरा असून नसल्यासारखा. ए आणि बी फीड, म्हणजे विजेच्या दोन लाइन, वेगळे ठेवा, आणि प्रत्येकावरचा लोड निम्म्याच्या आत. एक गेला तर दुसऱ्याला सगळं पेलता आलं पाहिजे.

लांबच्या मशीनचं बटण स्क्रीनवर दाबण्याआधी तिथल्या माणसाला फोन करा. पीडीयू म्हणजे रॅकमधली वीज वाटणारी पट्टी. मी असं बोलते: "दादा, हॉलमध्ये गारवा आहे ना? दोन्ही पीडीयूचे दिवे लागलेत? मी इथून एका सर्व्हरचा निळा दिवा लावलाय. लुकलुकतोय त्याचाच सिरियल नंबर वाचून दाखवा, तोवर कशाला हात लावू नका." रॅक सारखेच दिसतात. निळ्या दिव्याने आणि नंबराने चुकीच्या मशीनची वायर निघणं टळतं. जळका वास आहे का, हे कुठलाच सेन्सर नीट सांगत नाही, तेही विचारा.

दोन जागांमध्ये क्लस्टर, म्हणजे एकच काम मिळून करणारे सर्व्हर, असेल तर शेवटी बंद पडलेली बाजू आधी उठवा, ताजा डेटा तिच्याकडे असतो. मधली लिंक तपासल्याशिवाय दुसरी बाजू चालू केलीत, तर दोघीही स्वतःला मुख्य समजून वेगवेगळं लिहू लागतील.

जुलैत महापेच्या थंडगार हॉलमधून मशीन ठाण्याला आणायचं असेल, तर हॉलमध्येच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा. बाहेरची दमट हवा थंड बोर्डावर लागली की पाणी धरतं. ऑफिसात आल्यावर मशीन खोलीच्या तापमानाला येऊन कोरडं होईपर्यंत प्लग लावू नका, साहेब कितीही घाई करोत.

सगळं उठल्यावर घड्याळं बघा. जुन्या बोर्डावरचा, घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल संपला असेल तर मशीन भलत्याच वर्षात जागं होतं. लॉगिन तपासणारी केर्बेरॉस पद्धत नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही. आधी एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारी सेवा) जुळवा, मगच लोकांना कळवा.