शेवटचे उड्डाण पाहायला जाताना

निवृत्त होणाऱ्या रॉकेटच्या बाबतीत ‘पुढच्या खेपेला बघू’ ही सोय नसते. म्हणून तयारी कॅमेऱ्यापासून नव्हे, रजेपासून सुरू करा. अमेरिकेच्या डेल्टा फोर हेवी या रॉकेटचे सोळावे आणि शेवटचे उड्डाण फ्लोरिडात केप कॅनाव्हरलच्या 37बी तळावरून 28 मार्च 2024 ला ठरले होते. अगदी शेवटच्या मिनिटांत तळाला नायट्रोजन पुरवणाऱ्या वाहिनीच्या पंपाने दगा दिला. रॉकेट उडाले ते 9 एप्रिलला, दुपारी 12:53 ला; आपल्याकडे रात्रीचे 10:23 वाजले होते. मध्ये बारा दिवस गेले. तेव्हा तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्या, आणि खोलीही रद्द करता येईल अशीच.

हवामानाचा अंदाज नीट वाचा. अमेरिकी लष्कराच्या पत्रकात टक्के दिलेले असतात ते उड्डाणासाठीचे हवामानाचे नियम मोडले जाण्याच्या शक्यतेचे. तिथले 20 टक्के म्हणजे हवा अनुकूल असण्याची शक्यता 80 टक्के. उंचावरचे वारे त्या आकड्यात धरलेले नसतात, त्यामुळे निरभ्र आकाशाखालीही उड्डाण थांबू शकते. काउंटडाउन टी-4 मिनिटांवर, म्हणजे घड्याळात चार मिनिटे उरली असताना, अडले तर लगेच सामान आवरू नका. डेल्टाच्या वेळापत्रकात तो थांबा मुद्दाम ठेवलेलाच असे.

जागा आदल्या दिवशीच जाऊन पाहा. डेल्टाच्या 37बीसाठी दक्षिणेकडचा जेटी पार्क सोयीचा होता, अंतर साधारण 14 किलोमीटर. टायटसव्हिलचा स्पेस व्ह्यू पार्क 25 किलोमीटरवर पडतो. तिथून तळ थेट दिसतो की झाडांआड जातो, हे बघाच. झाडे आड आली तर रॉकेट वर आल्यावरच दिसते आणि इंजिने पेटण्याचा क्षण हातचा जातो.

तो क्षणच तर पाहायचा! डेल्टाचे आरएस-68 इंजिन पेटताना आधी हायड्रोजन सोडला जाई. हलका वायू रॉकेटच्या अंगालगत वर चढे, पेट घेई आणि नारिंगी आवरण काळे करून जाई. पाहणाऱ्याला वाटे, रॉकेटच पेटले. ही आग आटोक्यात राहावी म्हणून पुढे तीनपैकी एक इंजिन इतर दोघांच्या दोन सेकंद आधी पेटवू लागले. घन इंधनाचे बूस्टर नसल्याने मागे धुराचा जाड पट्टा राहत नसे. रॉकेट संथपणे, जड पावलांनी उचलले जाई. जुने चित्रीकरण लावाल तेव्हा या दोन सेकंदांवर नजर ठेवा.

मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणावर विसंबू नका. ते बरेच सेकंद मागे असते, आणि गर्दीत नेटवर्कही कोलमडते. घड्याळ आधीच अचूक लावा.

72 मीटर उंचीचे रॉकेट 14 किलोमीटरवरून पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडेच मोठे दिसते. 600 मिलिमीटरच्या लेन्समधूनही सेन्सरवर ते जेमतेम 3 मिलिमीटर भरते. दुपारच्या उड्डाणाला 1/1000 सेकंद, एफ/8, आयएसओ 200 पासून सुरुवात करा. तळावरच्या मनोऱ्यावर फोकस साधून ऑटोफोकस बंद करा, नाहीतर ऐनवेळी लेन्स ढगावर भटकते. पाण्यावरची तापलेली हवा चित्र थरथरवते. तो दोष फोकसचा नव्हे, उगाच रिंग फिरवत बसू नका. बरोबर 7×50 चा बायनॉक्युलर, टोपी, माणशी किमान दोन लिटर पाणी आणि डासांचे मलम ठेवा.

पहिल्यांदाच जात असाल तर कॅमेरा ट्रायपॉडवर चालू सोडून द्या आणि डोळ्यांनी पाहा. जेटी पार्कवर आवाज साधारण 41 सेकंदांनी पोचतो. तोवर रॉकेट बरेच वर गेलेले असते, लोक टाळ्या वाजवून खुर्च्या आवरू लागलेले असतात. तुम्ही तिथेच थांबा. आधी कानावर पुसट घरघर येते, मग ती छातीत उतरते.