धूर खरा वाटला पाहिजे, इजा कुणालाच नको : सोसायटीतल्या फायर ड्रिलची तयारी

आमच्या चौदा मजली इमारतीतली पहिली फायर ड्रिल छान पार पडली आणि कुणीच काही शिकलं नाही. भोंगा वाजला, लोक गप्पा मारत उतरले, काही जण तर लिफ्टनेच आले, खाली चहा झाला. दुसऱ्या खेपेला आम्ही चौथ्या मजल्याच्या जिन्यात धूर सोडला. वीस वर्षं तोच जिना उतरणारे शेजारचे काका कठड्याला धरून खाली येत होते. लँडिंगवरच्या शू रॅकवर त्यांचा गुडघा आपटला, तोल सावरताना कठडा सुटला आणि पुढे कुठे वळायचं हेच त्यांना कळेना. तो रॅक रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. ड्रिलआधी जिना मोकळा करायचं काम आमचं होतं, ते आम्ही केलं नव्हतं. म्हणून तयारीत पहिली वस्तू लिहा ती वही आणि पेन. आदल्या दिवशी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत जिना उतरा; कुंड्या, सायकली, रॅक, कुलूप घातलेलं गच्चीचं दार, वीट लावून उघडा ठेवलेला फायर डोअर (आग-धूर अडवणारं, एरवी बंद असायला हवं असं दार), सगळं टिपून घ्या आणि हलवा. अडथळ्याचा सराव हवाच असेल तर रिकामं पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, ते लाथेने सरकतं.

ड्रिल खरी वाटते ती धुराने. ज्वाळा हव्यात असं वाटणाऱ्यांना मी मुंबईतल्या कमला मिलमधल्या पबच्या आगीची आठवण देतो. 29 डिसेंबर 2017 च्या त्या आगीत 14 माणसं गेली, त्यातली बरीचशी स्वच्छतागृहात आसरा घेऊन गुदमरली. तेव्हा पैसे खर्च करायचे तर स्मोक मशीनवर. डीजेवाल्याकडे किंवा मंडप-डेकोरेशनवाल्याकडे ते भाड्याने मिळतं. पाण्यात मिसळलेलं ग्लायकॉल तापवून ते धुकं तयार करतं. त्याच मशीनसाठीचं सीलबंद द्रावण मागा, कॅनमध्ये भरून दिलेलं भलतंच काही घेऊ नका. रंगीत धुराच्या नळकांड्या अजिबात नकोत, त्या आतून जळतात आणि तापतात. डासांसाठी येते ती फॉगिंग मशीनही नको, तिच्यात कीटकनाशक असतं. ड्राय आइसचा मोह टाळा. त्याचा कार्बन डायऑक्साइड जड असतो, बंद जिन्यात खालच्या लँडिंगवर साचून राहतो, आणि लहान मुलांचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं.

मशीनचं तोंड चटका बसेल इतकं तापतं आणि जवळच्या फरशीवर द्रावणाचे थेंब पडून ती निसरडी होते. म्हणून ते पायऱ्यांवर न ठेवता पॅसेजच्या कोपऱ्यात, खाली जुनं पोतं अंथरून ठेवा. वायर भिंतीकडेने टेपने चिकटवा. आणि स्विचपाशी एक माणूस उभा करा, ज्याला दुसरं कुठलंही काम नाही. हे मी प्रत्येक वस्तूबाबत सांगेन: ड्रिल खरी वाटावी म्हणून जे जे आणाल, ते बंद करणारा माणूस आधी ठरवा, मग वस्तू आणा. दमा असलेले, गरोदर बायका, हृदयविकाराचे रुग्ण यांची नावं आदल्या दिवशीच घ्या. भोंग्याआधी त्यांना खाली आणून बसवा.

लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगा. खऱ्या आगीचा धूर गरम असतो, तो आधी छताशी जमतो आणि तिथून खाली उतरत येतो. मशीनचं धुकं थंड होऊन कुठेही तरंगतं. म्हणून ड्रिलमध्ये उभ्याने श्वास घेता आला तरी वाकून, भिंतीला हात लावूनच चाला. या धुक्याचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. जिन्यात हवेचा दाब ठेवणारे पंखे असतील तर दार उघडल्यावर धुकं पॅसेजकडे मागे ढकललं जातं. ते जिन्यात शिरत असेल तर पंखे किंवा दार यांपैकी काहीतरी बिघडलंय, हे डोळ्यांना दिसतं.

जिन्यातले दिवे मात्र घालवू नका. अंधार हवा तर चार-पाच स्वयंसेवकांच्या गॉगलवर बटर पेपर चिकटवा आणि प्रत्येकामागे एक डोळस जोडीदार द्या. अडकलेल्या माणसासाठी जुन्या शर्ट-पँटमध्ये चिंध्या आणि वाळूच्या छोट्या पिशव्या भरून तीसेक किलोचा पुतळा शिवून घ्या. तो जाड चादरीवर घेऊन ओढायचा. आमच्याकडच्या एका आजींनी हौसेने स्वतः चादरीवर बसायची तयारी दाखवली, आम्ही हात जोडून नको म्हटलं. त्यांना कोणत्या दोन मुलांनी आणायचं, हे मात्र तिथेच त्यांच्यासमोर ठरवलं.

अग्निशामक सिलिंडर चालवायचा सराव मोकळ्या मैदानात. ‘बी’ फॉर्मची, म्हणजे इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याच्या सहामाही प्रमाणपत्राची, तपासणी जानेवारीत आणि जुलैत होतेच, त्याच परवानाधारक एजन्सीला सांगून रिफिलला निघालेले सिलिंडर सरावासाठी मागून घ्या. मजल्यावरचे काढू नका. लोखंडी ट्रेमधली आग एजन्सीचाच माणूस पेटवेल, कमिटीतल्या कुणीही इंधनाचा कॅन हातात घ्यायचा नाही. वारा पाठीशी घ्या, पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, खटका दाबा, डावी-उजवी फिरवा. पावडर बघता बघता संपते, हे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने कळू द्या. सीओटूच्या सिलिंडरचा कर्णा हाताने धरायचा नाही, तो गारठून कातडी भाजते. बाजूला भरलेले दोन सिलिंडर आणि पाण्याची होज सज्ज हवी.

बाकीचं सामान थोडं आहे: शिट्ट्या, मेगाफोन, रिफ्लेक्टर जॅकेट, दोन वॉकीटॉकी, स्टॉपवॉच, प्रथमोपचार पेटी, फ्लॅटनिहाय माणसांची यादी. यादीत घरकाम करणाऱ्या मावशी आणि त्या दिवशीचा वॉचमन यांचीही नावं हवीत. तीन लांब शिट्ट्या म्हणजे ड्रिल थांबली. आणि ‘खरंच, खरंच’ अशी हाक आली तर तो सराव नाही. हे दोन्ही इशारे नोटिशीत छापा. दिवस सगळ्यांना कळवा, वेळ सांगितली नाही तरी चालेल. अग्निशमन केंद्राला पत्र द्या. 14 ते 20 एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात त्यांची माणसं यावीत असं वाटत असेल तर पत्र बरंच आधी गेलं पाहिजे. सकाळी पुन्हा फोन करून सांगा, नाहीतर धूर पाहून समोरच्या बिल्डिंगमधलं कुणीतरी 101 लावेल आणि खऱ्या आगीची गाडी आपल्या फाटकात येऊन उभी राहील.

सामान परत करायच्या आधी फायर अलार्मचं पॅनल टेस्टवरून नॉर्मलवर आणा, आगीसाठीचा पंप ऑटोवर आहे का ते स्वतः बघा, होज सावलीत वाळवून मगच गुंडाळा, पायऱ्या कोरड्या पुसा. जिन्यात राहिलेलं पुठ्ठ्याचं खोकंही त्याच दिवशी उचला.