देवापुढे नमायचं कसं, स्वतःला तुच्छ न मानता

चर्चमध्ये कोणी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगायला, उभं राहिलं की सुरुवात ठरलेली असते, मी काहीच नाही, मी पायाची धूळ, माझी लायकी नाही, आणि मग पुढची दहा मिनिटं त्या "काहीच नाही"बद्दलच बोलणं चालतं. पिंपरीत जा, वडगाव शेरीत जा, कॅम्पात जा, सगळीकडे तेच. ऐकणाऱ्या तरुण पोरांचा मात्र घोळ होतो, त्यांना वाटतं देवापुढे नम्र व्हायचं म्हणजे आपल्याला काडीची किंमत नाही असं मनाला रोज बजावायचं. तसं नाहीये. बायबलमध्ये ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि रोजच्या प्रार्थनेत त्या वेगळ्या ठेवता येतात, कशा ते सांगतो. फार अवघड नाही, फक्त सवय लावून घ्यावी लागते.

आधी कबुली छोटी करा. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या नजरेत पापी) दोघं मंदिरात जातात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण जकातदाराची प्रार्थना किती लहान आहे बघा, देवा मज पाप्यावर दया कर, संपलं. आणि मग तो घरी जातो. नीतिमान ठरून घरी जातो असं येशू म्हणतो, तो तिथेच कोपऱ्यात छाती बडवत बसलेला नाही. आपण नेमकं उलटं करतो, अर्धा तास "मी पापी मी पापी" आणि पाप कुठलं ते एकही सांगत नाही! मोघम कबुली फुकटात पडते हो. त्यापेक्षा एकच पण नेमकं सांगा, काल मीटिंगमध्ये ज्युनिअरने केलेलं काम मी माझ्या नावावर खपवलं, किंवा आईचा फोन बघून मुद्दाम उचलला नाही. एक वाक्य, क्षमा मागा, दुसऱ्या दिवशी त्या ज्युनिअरला किंवा आईला फोन करा, पुढे चला.

लगेच त्याच प्रार्थनेत, आमेन म्हणायच्या आत, दुसरी बाजू बोला. ही आपल्याकडे हमखास राहते. बायबलमधलं स्तोत्र ८ मोठ्याने वाचा, मनातल्या मनात नको. चंद्र-तारे बघून स्तोत्रकर्ता आधी विचारतो की एवढ्याशा माणसाची तू आठवण तरी का ठेवावीस, आणि पुढच्याच ओळीत म्हणतो की तू त्याला गौरवाचा मुकुट घातलास. दोन्ही एका दमात. लहानपण आणि थोरवी ह्यांच्यात त्याला काही भांडण दिसत नाही, कारण मुकुट त्याने स्वतः कमावलेलाच नाही, तर त्याची घमेंड कशी करणार आणि देवाने घातलेला आहे तर तो काढून फेकणार तरी कसा.

ज्यांना स्तोत्र जड जातं त्यांनी चिमण्या घ्या. मत्तयच्या १०व्या अध्यायात दोन चिमण्या एका दमडीला आहेत, लूकच्या १२व्यात पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशोब करा, दोन दमड्यांना चारच व्हायला पाहिजेत, म्हणजे पाचवी वर घातलेली, मंडईत भाजीवर कोथिंबिरीची काडी टाकतात ना तशी. आणि येशू म्हणतो त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, तुम्ही तर पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलाचे. नोकरी गेलीय, लग्न मोडलंय, बारावीला गटांगळी खाल्लीय अशा कोणाला काही सांगायचं असेल तर मी हेच सांगीन, भाषण नको.

आता सोमवार. नम्रता रविवारी गुडघ्यांवर मोजता येत नाही, घरात आणि सोसायटीत मोजता येते. बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, १:२७ मध्ये म्हणतं माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, त्यात फ्लॅट असलेला माणूस असं लिहिलेलं नाही. ह्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून रानडे, टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचं बालंट आलं होतं. ते आपण ख्रिस्ती लोक हसत हसत सांगतो, आणि आपल्याच किचनमध्ये मावशींचा कप वेगळ्या फळीवर! तो कप आजच बाकीच्यांत मिसळून टाका. वॉचमन काकांचं नाव माहीत नसेल तर विचारा. चर्चमध्ये कारवाल्या कुटुंबाला पुढची खुर्ची आणि साध्या कपड्यातल्या नवीन माणसाला "मागे बसा" असं होत असेल तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय कमिटीत वाचून दाखवा, जवळपास हेच वर्णन आहे त्यात, सोन्याच्या अंगठीसकट.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायचीय. देवापुढे नमणं म्हणजे येईल त्या माणसापुढे वाकणं नव्हे. जिला घरात मार पडतोय, जातीवरून जो आयुष्यभर टोमणे खातोय, त्याला "नम्र व्हा, सहन करा" असं सांगणारा देवाच्या नावाने भलत्याचीच नोकरी करतोय. अशा माणसाने वर सांगितलेली कबुली बाजूला ठेवून थेट स्तोत्र ८ पासून सुरुवात करावी, आणि मार पडत असेल तर नुसती प्रार्थना नाही, आधी सुरक्षित जागा आणि पोलीस. पंडिता रमाबाई बघा ना. १८७८मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, १८८३मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टर आणि बिशप लोकांनी सांगितलेलं सगळं निमूटपणे मान्य केलं का, अजिबात नाही, पत्रांतून बाईंनी त्यांच्याशी सरळ वाद घातलाय, एका पुरोहितशाहीतून सुटले ते दुसरीत जायला नाही असा सूर. आणि हीच बाई पुढे केडगावला, दौंडच्या लाइनीवर, मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-विधवांच्यात राहिली आणि बायबलचं भाषांतर केलं ते साध्या बायकांना कळावं अशा मराठीत. बिशपपुढे ताठ आणि अनाथ पोरीपुढे वाकलेली. आपलं बहुतेकांचं ह्याच्या बरोब्बर उलट असतं, मोठ्यांपुढे "येस सर" आणि खालच्यावर डाफरणं.

कौतुक झालं तर काय करायचं हेही लोक विचारतात. क्वायरमध्ये छान गायलात, कोणी म्हणालं सुंदर झालं, तर "छे छे माझं काय, सगळं प्रभूचं" असं पाचदा म्हणून समोरच्याला दमवू नका. थँक्यू म्हणा. घरी जाऊन देवाला थँक्यू म्हणा. बास.

शेवटचं, पुण्य गुरुवार, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदला दिवस. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून कॅथलिक चर्चमध्ये फादर पाय धुतात, पोप फ्रान्सिस यांनी २०१६ला नियम बदलल्यापासून त्यात बायकांनाही घेता येतं. आपल्याला वाटतं नम्रता धुणाऱ्याची, पण योहानाच्या १३व्या अध्यायात अडून बसतो तो धुवून घेणारा, शिष्य पेत्र येशूला म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. दुसऱ्याने आपली सेवा करावी हे घेताना जास्त अवघडायला होतं. त्या दिवशी धुवून घ्यायला पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचे पाय नीट बघा, सगळे आधीच स्वच्छ, नखं कापलेली, टाचा घासलेल्या, एकाने तर पावडर लावलेली! पुढच्या वर्षी फादरांनी विचारलं तर आढेवेढे न घेता नाव द्या, आणि घरून घासून-बिसून जाऊ नका, बसस्टॉपवरून चालत आलेले असतील तसेच पाय पुढे करा.