शाश्वत विकासाचे निर्देशक ऑडिटमध्ये वापरायचे कसे, नळाच्या पाण्याचं उदाहरण घेऊन

ऑडिटमध्ये नव्याने आलेली मुलं-मुली हल्ली एक प्रश्न नेहमी विचारतात, की एसडीजीची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांची, ती 17 उद्दिष्टं, 169 लक्ष्यं आणि त्यांचे निर्देशक, हे सगळं आपल्या कामात नेमकं कुठे लागतं, कारण व्हाउचर तपासताना नि कॅशबुक जुळवताना तर त्याचा काही संबंध येत नाही. खरंय, तिथे येत नाही. तो येतो कामगिरी लेखापरीक्षणात, म्हणजे परफॉर्मन्स ऑडिटमध्ये. पैसे खर्च झाले, टाकी उभी राहिली, बिलं निघाली, सगळं नियमात बसलं, पण माणसाला पाणी मिळालं का? हा प्रश्न मोजता येईल असा विचारायचा असेल तर निर्देशक हवा. खाली ग्रामीण नळपाणी योजनेवरच सगळं सांगते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

आधी विषय लहान करा. 'उद्दिष्ट 6 चं ऑडिट' असं काही करायला जाऊ नका, त्यात पाणी, शौचालय, सांडपाणी, भूजल, नद्या सगळंच येतं आणि पार्टी, म्हणजे ऑडिटची टीम, सहा महिने फिरून हातात पातळ पॅरे, म्हणजे अहवालातले आक्षेप, घेऊन परत येते. 6.1 घ्या, पिण्याचं पाणी. आणि मग लगेच आकडे मागवायचे नाहीत, आधी निर्देशकाची व्याख्या वाचायची. हे काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते अर्धं ऑडिट इथेच होतं. जागतिक निर्देशक 6.1.1 मध्ये मोजतात ती लोकसंख्या, जिला सुधारित स्रोताचं पाणी घराच्या आवारात, गरज असेल तेव्हा आणि दूषित नसलेलं मिळतं, चारही अटी एकदम. जल जीवन मिशनच्या, म्हणजे ग्रामीण घरांना नळ देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या, डॅशबोर्डवर नळजोडणी असलेली कुटुंबं मोजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'सुधारित स्रोत' म्हटलं की हातपंप, बोअर आणि संरक्षित विहीरसुद्धा आत येते. आता एकाच जिल्ह्याचे हे तीन आकडे वेगवेगळे आले तर कुणी खोटं बोलतंय असं नाही, तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतायत. म्हणून पहिल्या दिवशीच कागदावर लिहून काढा: अंशात काय, छेदात काय, माहिती कोण गोळा करतं, किती दिवसांनी, आणि कुणी पडताळतं का.

छेदाकडे तर फार बारीक लक्ष द्या. समजा गावात 400 घरं दाखवली होती आणि 300 नळ, म्हणजे 75 टक्के. पुढच्या वर्षी नळ तेवढेच, पण घरांची संख्या दुरुस्त करून 320 केली, की टक्केवारी लगेच 94 च्या जवळ जाते, एक फूट पाइप न टाकता. दुरुस्ती कदाचित बरोबरही असेल, पण तिचा आदेश, यादी आणि कारण फाइलला असलं पाहिजे. डॅशबोर्ड रोज बदलतो, त्यामुळे ज्या दिवशी आकडा घेतला त्या तारखेसह प्रत काढून ठेवा आणि विभागाकडून त्यावर सही घ्या, नाहीतर उत्तरात हमखास येतं की आमच्याकडे असा आकडाच नाही.

निर्देशक म्हणजे ऑडिटचा निकष नव्हे, इथे बरेच जण घसरतात. तुम्ही हाफ मार्जिनमध्ये, म्हणजे विभागाला दिलेल्या लेखी ऑडिट शंकेत, लिहिलंत की '6.1 साध्य झालेलं नाही', तर विभाग शांतपणे लिहून देईल की त्याची मुदत 2030 आहे, आणि त्यांचं चूक नाही. निकष योजनेच्याच मार्गदर्शक सूचनांतून घ्या: माणशी रोज 55 लिटर, गुणवत्ता बीआयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, आणि पुरवठा नियमित. निर्देशक दिशा दाखवतो, बांधून ठेवतो तो निकष.

मग फील्ड. नमुन्याची गावं आणि घरं तुम्ही निवडायची, ग्रामपंचायतीने नाही. घरांची यादी घेऊन यादृच्छिक पद्धतीने काढा, पण पाइपच्या शेवटच्या टोकाची घरं, उंचावरची वस्ती, दलितवस्ती, पाडा, गावापासून तुटलेली वाडी हे वेगळे गट करून प्रत्येकातून घरं घ्या. कुणालाही मागे ठेवायचं नाही हे 2030 च्या अजेंड्याचं मूळ वचन आहे आणि सरासरी नेमकं तेच झाकते. गावठाणात दणदणीत पाणी आणि वाडीवर हंडे, तरी गावाचा आकडा छानच दिसतो. शक्य असेल तर एप्रिल-मे मध्ये जा. दिवाळीच्या सुमारास विहिरी भरलेल्या असतात, तेव्हा केलेली पाहणी मला तरी अपुरी वाटते. तालुक्याच्या टँकरच्या नोंदीही मागवा, 'हर घर जल' झालेल्या, म्हणजे प्रत्येक घरी नळ पोचल्याचं जाहीर झालेल्या, गावाचं नाव टँकरच्या यादीत सापडलं तर तो तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. आणि त्या गावाच्या ग्रामसभेचा ठराव बघा, कारण नुसतं जाहीर झालेलं गाव आणि ग्रामसभेने प्रमाणित केलेलं गाव यात फरक आहे.

55 लिटर मोजायला यंत्र लागत नाही. 20 लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला 10 लिटर. पाणी तीन दिवसांनी एकदा 45 मिनिटं येत असेल तर 450 लिटर, भागिले तीन दिवस म्हणजे रोजचं 150, घरात पाच माणसं, तर माणशी 30. झालं, 55 च्या जागी 30. हे विभागाच्या अभियंत्याला सोबत घेऊनच करा, संयुक्त पाहणीच्या कागदावर दोघांच्या सह्या, तारीख, वेळ, फोटो. पाणी किती दिवसांनी येतं हे घरातल्या बाईला विचारा, ती अचूक सांगते, आणि शेजारच्या दोन घरांत पडताळा. गुणवत्तेचं म्हणाल तर फील्ड टेस्ट किट चाळणीपुरतं, पॅरा लिहायला प्रयोगशाळेचा अहवाल हवा. लिटरमागे नायट्रेट 45 मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड 1 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत, ई. कोलाय 100 मिलिलिटरमध्ये अजिबात नको.

आता कारण शोधा, नाहीतर पॅरा अर्धवट राहतो. मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला तर बघालच, पण थकलेलं वीजबिल, पाणीपट्टीची वसुली, पंप नादुरुस्त होता ते दिवस, आणि उद्भवाची विहीर उन्हाळ्यात टिकेल असा भूजल यंत्रणेचा दाखला होता का, हेही बघा. कित्येक योजना बांधकामाने नाही तर वीजबिलाने बंद पडतात. उलट बाजूही प्रामाणिकपणे लिहा, पाऊस चांगला झाला म्हणून आकडा सुधारला असेल तर त्याचं श्रेय योजनेला देऊ नका.

नीती आयोगाचा एसडीजी इंडिया इंडेक्स, ज्यात राज्यांना या उद्दिष्टांवर गुण देतात, तो जिल्हा-राज्य निवडताना, जोखीम ठरवताना जरूर वापरा, पण वर्षावर्षांची तुलना सांभाळून. 2018 च्या पहिल्या आवृत्तीत 62 निर्देशक होते, पुढे 100, मग 115, आणि 2023-24 च्या आवृत्तीत 113. मोजपट्टीच बदलली तर गुण वाढले म्हणजे काम वाढलं असं लिहिता येत नाही, तुमच्या निर्देशकाची व्याख्या दोन्ही वेळी तीच होती का ते आधी बघा.

शेवटी पॅरा लिहिताना आकडा एकटा सोडू नका. डॅशबोर्ड काय म्हणतो, निकष काय, नमुन्यात काय सापडलं, का, आणि त्याने लोकांचं काय झालं, सलग लिहा. 40 पैकी 14 घरांत पाणी नव्हतं तर तसंच लिहा, त्यावरून जिल्हाभराची टक्केवारी काढायची तर नमुना तसा काढलेला असला पाहिजे. शिफारसही मोजता येईल अशी हवी, 'देखरेख वाढवावी' याचा पुढच्या पार्टीला काही उपयोग नाही, त्यापेक्षा 'जोडणीसोबत दर महिन्याला पुरवठ्याचे दिवस आणि मिनिटं नोंदवावीत' असं लिहा, म्हणजे दोन वर्षांनी जो कुणी त्या गावात जाईल त्याला वही उघडून बघता येईल.