शिंग म्हणायचं की हांग?

मी मँडरिन शिकवते. नवे विद्यार्थी 行 या एका अक्षरापाशी हमखास अडतात. डावीकडे तीन रेघा, उजवीकडे तीन. लिहायला अगदी सोपं. वाचायचं मात्र कधी 'शिंग', कधी 'हांग'. दोन्हींचा सूर सारखाच, चढता; म्हणजे तोही आधार नाही. याद्या घोकू नका, आधी त्यातलं जुनं चित्र बघा.

तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या, शांग राजघराण्याच्या काळातल्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर हे अक्षर म्हणजे चक्क चौक आहे, एकमेकांना छेदणारे दोन रस्ते. इ.स. 100च्या सुमारास कोशकार शू शेनने मात्र त्याची फोड पावलं टाकण्याशी जोडली. त्याचा तरी काय दोष? त्याच्यासमोर लिपीचं बदललेलं रूप होतं. ती हाडं अभ्यासकांच्या नजरेत भरली थेट 1899मध्ये.

रस्त्यावर माणूस चालतो, तो 'शिंग'. म्हणून 'ल्यूशिंग' म्हणजे प्रवास. नुसतं 'शिंग!' म्हटलं की 'चालेल!' आपणही होकार द्यायला 'चाल'पासूनच शब्द काढतो, त्यामुळे ही निम्मी बाजू मराठी माणसाला फुकटात मिळते.

रस्ता ओळीसारखा सरळ जातो, तो 'हांग'. मजकुराची ओळ हांग, झाडांची रांगही हांग. थांग राजघराण्याच्या काळातल्या (सातवं ते दहावं शतक) बाजारात एकाच मालाची दुकानं एका ओळीत असत, त्या ओळीलाही हांग म्हणत. तिथून अर्थ धंद्याकडे आणि पेढीकडे सरकला. दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौ बंदरात परदेशी व्यापाराचा मक्ता 1842पर्यंत अशाच 'तेरा हांगां'कडे होता. 'यिन' म्हणजे चांदी, म्हणून 'यिनहांग' म्हणजे बँक.

तेव्हा अडलात की अर्थ लावून बघा. चालणं, चालवणं, चालेल यांपैकी काही बसलं तर शिंग. ओळ, धंदा किंवा पेढी बसली तर हांग. अक्षराच्या आधी 'यी', म्हणजे एक, आला की जपून: 'यी हांग' ही एक ओळ, 'यी शिंग' ही एकत्र निघालेली मंडळी. तिथे पुढचं वाक्य वाचल्याशिवाय तोंड उघडू नका. साधनेने कमावलेल्या सामर्थ्याला 'ताओहंग' म्हणतात. त्यात हेच अक्षर 'हंग' होतं; हा तिसरा उच्चार सरळ पाठ करा, भांडत बसू नका.

सरावाला चिनी लोकांचंच एक लाडकं वाक्य घ्या: 'गान यी हांग शिंग यी हांग, यी हांग शिंग हांग हांग शिंग.' जो धंदा धरावा तो जमतो, आणि एक जमला की सगळेच जमतात. कागदावर यातले सगळे शिंग आणि हांग एकाच अक्षराने लिहिलेले असतात. आधी हळू म्हणा.