विंडोज ११ टाकल्यावर लाइटरूम रांगतंय? रॅम घ्यायच्या आधी हे बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून मी पण लॅपटॉप ११ वर नेला, आणि लगेच लाइटरूमची, म्हणजे फोटो निवडायच्या-एडिट करायच्या प्रोग्रामची, बैलगाडी झाली. लालबागच्या मिरवणुकीचे फोटो निवडायला बसलो तर एका फोटोवरून दुसऱ्यावर जाईपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हायचा. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवलं, तो बघता बघताच म्हणाला रॅम वाढवा. नाही वाढवली तेच बरं झालं.

पहिल्या दिवशी काहीच करू नका. अपग्रेडनंतर विंडोज मागे फायलींचं इंडेक्सिंग (शोधायला सोपं जावं म्हणून यादी करणं) वगैरे करत बसतं, एक रात्र चार्जर लावून, स्लीप बंद करून चालू ठेवा.

सकाळी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि डिस्कच्या कॉलमवर क्लिक करा, जो जास्त खातोय तो वर येतो. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) पिक्चर्स फोल्डर इंटरनेटवर चढवत बसलं असेल तर त्याला पॉज करा.

आता खरी गोम, ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा, तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसलं म्हणजे तुमच्या कार्डाचा ड्रायव्हर चालूच नाहीये. कार्डाचं नाव दिसत असलं तरी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून विंडोज ११ चा नवा ड्रायव्हर टाका. माझं तेवढ्यानेही भागलं नाही, कारण लॅपटॉपात दोन ग्राफिक्स चिप आहेत आणि लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली नाव इंटेलचं येत होतं, एनव्हिडियाचं कार्ड आपलं आरामात बसलेलं! मग सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन लाइटरूमला 'हाय परफॉर्मन्स' दिलं, प्रोग्राम बंद करून परत उघडला, आणि फोटो पटापट सरकायला लागले.

जाता जाता त्याच परफॉर्मन्स टॅबमध्ये कॅमेरा रॉचा कॅश (फोटो पटकन उघडावेत म्हणून साठवलेला तात्पुरता डेटा) पर्ज, म्हणजे रिकामा, करून घ्या आणि साइझ २० जीबी करा, डिस्कवर जागा असेल तरच हां. कॅटलॉगचा (लाइटरूम फोटोंची यादी आणि एडिट्स ठेवतं ती फाइल) बॅकअप घेऊन फाइल मेनूतलं ऑप्टिमाइझ कॅटलॉगही चालवा.

जागा कमी आहे म्हणून विंडोज डॉट ओल्ड फोल्डर मात्र घाईने उडवू नका. काहीच जमलं नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून जुन्या विंडोजवर परत जाता येतं, पण साधारण १० दिवसांतच, आणि तो फोल्डर शाबूत असेल तरच.